पोराच्या नावाचे गहू

सकाळी सकाळी कुणी आपल्या डोळ्यांत गवताचं पाणी घालायला आलं तर माणसाने काय करावं? मी तर दार उघडलं आणि आधी मागे सरकले. शेजारच्या मावशी काचेचा वाडगा घेऊन उभ्या होत्या. त्यात रात्रभर भिजलेली कसलीशी बारीक पानंफुलं, कडेला बुळबुळीत फेस आणि मधोमध एक मेलेलं चिलट. ती वनस्पती त्यांनी रेल्वेच्या कुंपणाजवळून उपटून आणली होती, जिथे लंडनच्या या टोकाचं अर्धं हाउन्सलो आपली कुत्री फिरवतं. मला नुसत्या विचारानेच शिसारी आली.

"मिटू नको. उघडे ठेव," त्या म्हणाल्या.

"मावशी, मला तुम्हाला घेऊन गाडी चालवायचीय."

"म्हणूनच," असं म्हणून त्यांनी ओले हात माझ्या डोळ्यांवर फिरवलेसुद्धा.

त्या दिवशी विदोवदान होता. हा सर्बियन लोकांचा स्मरणदिवस, जूनच्या अखेरीला येतो. कित्येक शतकांपूर्वी कोसोवोच्या मैदानावर त्यांच्या राजाची आणि तुर्कांची लढाई झाली. राजा गेला, दोन्हीकडची माणसं ढिगाने गेली, आणि तेव्हापासून या दिवशी मेलेल्यांची आठवण काढायची रीत पडली. आधी त्या लढाईतल्यांची, मग पुढच्या सगळ्या लढायांतल्यांची. लढायांचा तोटा त्यांना कधी पडलेला नाही. त्या दिवशी गाणं म्हणायचं नाही, नाचायचं नाही. पहाटे त्या पाण्याने डोळे धुवायचे म्हणजे वर्षभर नजर साफ राहते आणि डोळ्यांना जे दिसेल ते हातांना जमतं, असं मावशींचं म्हणणं. मी नागपूरच्या बौद्ध घरातली, असल्या पाण्याबिण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण वर्षातून एकदा या बाईशी वाद घालण्यापेक्षा डोळे चुरचुरलेले परवडतात.

मावशी हा अर्थात माझा शब्द. माझी मुलगी लहान असताना मी हीथ्रोच्या कार्गो ऑफिसमधून घरी येईपर्यंत ती त्यांच्याकडे असायची. तिला शिकवायला म्हणून मी त्यांना मावशी म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. मुलगी आता युनिव्हर्सिटीत आहे, मावशींना मात्र अजून 'दूध', 'झोप', 'गोड' असे आमच्या भाषेतले दहाबारा शब्द येतात. बाकी आमचं सगळं बोलणं त्यांच्या मोडक्या इंग्लिशमध्ये चालतं. नव्वदच्या दशकात त्यांच्या देशाचे तुकडे पडले, त्या युद्धाच्या काळात नवराबायको दोघं देश सोडून आले. नवऱ्याचा भाऊ स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये कामाला होता, त्याच्या आधाराने. आधी भाऊ गेला, मग नवरा गेला. मावशी एकट्या उरल्या, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मुलाचा फोटो.

त्या फोटोतला नुकती दाढी फुटलेला मुलगा उन्हामुळे डोळे बारीक करून बघतोय. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा टी-शर्ट, काखेत कुत्र्याचं पिल्लू, आणि पिल्लाचा एक कान त्याच्या तोंडात जाईल की काय असा वर उडालेला. मावशींकडे चहा प्यायला बसलं की तो फोटो बरोबर समोर येतो, त्यामुळे मला तो मुलगा माझ्या भाच्यांपेक्षा जास्त तोंडपाठ आहे.

युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्यातली माणसं पहाटे घराघरांत येऊन पोरांना भरती करून न्यायची. गल्लीतली दोन पोरं गेली तेव्हा मावशींनी बापाला न विचारता मुलाला उठवलं, त्याच्या पायात नवे बूट घातले, पाव-चीज बांधून दिलं आणि हंगेरीच्या हद्दीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवलं. पलीकडे पोचल्यावर त्याचा एकदा फोन आला. तो बापाने उचलला. बाप त्याला पळपुटा म्हणाला, पुन्हा हे तोंड दाखवू नकोस म्हणाला. मावशींनी हातातली पीठ मळायची परात टाकून धाव घेतली तोवर फोन बंद झाला होता. त्यानंतर आजपर्यंत काही नाही. पत्र नाही, फोन नाही, प्रेत नाही.

"रागावलाय," मावशी सांगतात. "आमच्या घरात सगळे फार रागीट."

एवढी वर्षं कोण रागावून बसतं, असं माझ्या मनात दर वेळी येतं. मी ते कधी बोलले नाही. त्यांच्या चर्चमध्ये मेणबत्त्या दोन जागी लावतात, वरच्या जागी जिवंतांच्या आणि खालच्या जागी मेलेल्यांच्या. मावशी नवऱ्याची खाली लावतात आणि मुलाची वर. या जगाकडे त्यांचं मागणं एवढंच उरलं आहे की त्या पोराची मेणबत्ती वर असावी.

तर त्या सकाळी चुरचुरत्या डोळ्यांनी मी गाडी काढली. मावशी पुढे बसल्या, मांडीवर गव्हाचं भांडं. हे गहू म्हणजे त्या दिवसाचा मुख्य विधी. गहू शिजवायचे, रात्रभर फडक्यावर वाळवायचे, मग बारीक दळून त्यात साखर आणि अक्रोडाची पूड कालवायची. त्याचा ढीग करायचा, वर पिठीसाखर थापायची आणि अक्रोडांचा क्रॉस मांडायचा. मेलेल्याच्या नावाने. दळायचं यंत्र मोडल्यामुळे आदल्या दिवशी हे सगळं माझ्या मिक्सरमध्ये झालं होतं आणि माझं स्वयंपाकघर ओल्या पोत्यासारखा वास मारत होतं. गहू नवऱ्याच्या नावाचे होते. दर वर्षी असतात.

त्यांचा पाद्री महिन्यातून एकदा येतो आणि स्लाऊच्या पुढे एका इंग्लिश चर्चचा हॉल भाड्याने घेऊन त्यांचं सगळं चालतं. एरवी त्या हॉलमध्ये लहान मुलांचा प्लेग्रुप भरतो. भिंतीवर रंगवलेले ससे, कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या. मी मावशींना दर विदोवदानला तिथे नेते, मागच्या खुर्चीवर बसते आणि परत आणते. आधीच्या वर्षांत तिथे म्हातारी माणसं असायची, कुजबुजत बोलायची, रडायचीही हळूच. गेल्या दोनेक वर्षांपासून नवी मंडळी आली आहे.

त्या दिवशी कार पार्कमध्येच गाणी ऐकू आली. ढोलताशे, मर्दानी गळे, छाती फुगवून म्हटलेली गाणी. दाराबाहेर मोठा स्पीकर आणि त्याच्याभोवती काळे टी-शर्ट घातलेले पुरुष. टी-शर्टवर घोड्यावरचा सरदार आणि त्याखाली टपटपणारं लाल रक्त. सकाळची वेळ, अजून प्रार्थना व्हायची होती आणि यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पेल्यांत दारू. एकाने ढेकर दिला आणि त्याच तोंडाने मावशींचा हात चुंबला.

"आज गाणं नसतं," मावशी म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. त्यांनी तोंड फिरवून डांबरावर थुंकी टाकली. मी त्यांना असं करताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

या मंडळींचा एक अध्यक्ष आहे. पन्नाशीचा, किचन बसवण्याचा धंदा असलेला, जन्म इथला, शाळा इथली, बोलणं अस्सल स्लाऊचं. त्या देशात तो सुट्टीपुरता जाऊन आलेला. युद्धाच्या काळात हे गृहस्थ इथल्या कॉलेजच्या बारमध्ये बसलेले असणार, आणि आता लोकांच्या पोरांच्या मरणावर हे छाती काढून उभे. मला अशा माणसाची चीड येते म्हणणं कमी होईल. मला किळस येते. त्याच्या ओल्या हाताची, त्याच्या 'सिस्टर' म्हणण्याची, फोटोसाठी आधी चेहरा पाडून मग मोबाइलकडे बघण्याची.

आणि हे मला परकंही नव्हतं. सहा डिसेंबरला आमच्या लोकांचा कार्यक्रम असतो, तिथेही असा एक असतोच. पांढरा कडक सदरा घालून तसबिरीला पाठ करून उभा राहणारा, हार घालायला पुढे आणि खुर्च्या उचलायला कधीच नाही. ज्यांनी खरंच सोसलं ती माणसं शेवटच्या रांगेत डबा धरून बसतात आणि हा माइक सोडत नाही. नागपूरला पाहिला, लंडनला पाहिला. आता सर्बियन पाहिला. जात एकच.

हॉलच्या आत शिरलो आणि मावशी थांबल्या. समोरच्या भिंतीवरचे ससे झाकून टाकेल एवढा मोठा बॅनर लावलेला होता. वर आगीच्या ज्वाळा, कोसोवोचं मैदान, सरदार, आणि खाली ओळीने फोटो. 'आमचे हुतात्मे' असं काहीतरी त्यावर लिहिलेलं असावं. त्या ओळीत डावीकडून तिसरा चेहरा मी लगेच ओळखला. उन्हामुळे बारीक केलेले डोळे. पण अंगात पट्ट्यांचा टी-शर्ट नव्हता. सैनिकाचा गणवेश होता, खांद्यावर बिल्ला, गाल गुळगुळीत केलेले. आणि काखेत जिथे कुत्र्याचं पिल्लू होतं तिथे बंदूक. कॉम्प्युटरवर कुणीतरी पिल्लू काढून बंदूक बसवली होती, आणि तीही इतकी निष्काळजीपणे की त्या मुलाची बोटं अजून पिल्लाला धरल्यासारखीच हळुवार वाकलेली होती.

गव्हाचं भांडं मावशींनी जवळच्या टेबलावर ठेवलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि बॅनरच्या अगदी जवळ जाऊन बोटाने ती बंदूक खरवडून बघितली, जणू ती वरून चिकटवलेली असावी आणि नखाने निघेल.

अध्यक्ष हात पसरूनच आला. "मदर! सरप्राइज होतं तुमच्यासाठी. कसा दिसतोय? हीरो दिसतोय ना?"

"हा माझा मुलगा," मावशी म्हणाल्या.

"अर्थात! आपल्या सगळ्यांचा मुलगा."

"हा मेलेला नाही."

अध्यक्षाने माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसासमोर आपण दुसऱ्या माणसाकडे बघतो तसं. मग आवाज खाली आणून, समजूत घालायच्या सुरात तो म्हणाला, "मदर, मला ठाऊक आहे हे किती कठीण आहे. पण तुमच्या मिस्टरांनीच तर सांगितलं होतं आमच्या आधीच्या कमिटीला. सीमेवर लढताना गेला, आपल्या तुकडीला वाचवताना. फोटोही त्यांनीच दिला होता. ते सांगायचे तेव्हा सगळे रडायचे."

मावशींचा चेहरा पार उतरला. मला वाटलं आता त्या पडतात, म्हणून मी कोपर धरलं. पण त्या पडल्या नाहीत. त्या फक्त इतकंच म्हणाल्या, "तो इथे येऊन हे सांगायचा?"

नवरा महिन्याच्या महिन्याला इथल्या जुन्या मंडळींत येऊन बसायचा आणि मावशी घरी राहून जेवण करायच्या, एवढं मला माहीत होतं. पळून गेलेल्या पोराची लाज वाटत होती म्हणून त्या माणसाने पोराला मारून टाकलं. स्वतःच्या मुलाला. आणि वर्षानुवर्षं या हॉलमध्ये बसून लोकांची सहानुभूती खाल्ली, मग घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवण खाल्लं, आणि तिने पोराची मेणबत्ती वर लावलेली पाहूनही गप्प राहिला. तो आजारी असताना मी त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. मला माझ्या गाडीच्या सीटचीसुद्धा घाण वाटली.

"बॅनर काढा," मी अध्यक्षाला म्हटलं. "किंवा तो फोटो तरी झाका."

"विथ रिस्पेक्ट," तो म्हणाला, "हा आमच्या कम्युनिटीचा विषय आहे."

तेवढ्यात पाद्री आला आणि प्रार्थना सुरू झाली. तोही बिचारा दुरून आलेला, तरुण, घामाघूम. त्याच्या हातात कमिटीने नावं दिलेली आणि तो ती वाचत होता. हॉलमध्ये मेणबत्त्यांसाठी वाळू भरलेले पत्र्याचे दोन ट्रे असतात, एक टेबलावर, एक खाली बुटक्या स्टुलावर. मावशींनी घरून दोन मेणबत्त्या आणल्या होत्या, त्या पिशवीतच राहिल्या. मावशी पुढे गेल्या. खालच्या ट्रेमध्ये ओळीने मेणबत्त्या पेटत होत्या, कमिटीने आधीच लावलेल्या, बॅनरवरच्या प्रत्येकासाठी एक, आणि प्रत्येकीला कागदाचा छोटा झेंडा नावासकट.

मावशी गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू वाकल्या, त्यांना वाकता येत नाही खरं तर. मुलाच्या नावाची मेणबत्ती वाळूतून उपटली, वरच्या ट्रेमध्ये लावली. अध्यक्षाच्या माणसाने, त्या ढेकर देणाऱ्याने, ती काढून परत खाली लावली. वाईट हेतूने नाही. त्याला वाटलं म्हातारीची चूक झाली. मावशींनी पुन्हा वाकून ती काढली. त्याने हसून त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा खाली. "इकडे, मदर, इकडे लावायची असते," असं काहीतरी समजावत. मेण त्यांच्या बोटांवर सांडत होतं. तिसऱ्यांदा त्यांना वाकता आलं नाही.

मी उठून पुढे गेले, ती मेणबत्ती काढली आणि फुंकर मारून विझवली. हॉलभर एकदम 'अं' असा आवाज झाला. विझवायची नसते म्हणे. नसेना का. मी ती माझ्या पर्समध्ये टाकली, गरम मेणासकट, आणि त्या माणसाकडे असं बघितलं की तो मागे झाला.

पण नावांचं काय करणार होते मी? पाद्री वाचत गेला आणि ते नाव आलं. मेलेल्यांच्या नावांत. लोक एका सुरात म्हणाले, यांची स्मृती अखंड राहो. सूर फार सुंदर होता, आणि सुंदर होता म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

त्यानंतर गव्हाचा विधी. पाद्रीने भांड्यातल्या ढिगावर वाइन शिंपडली, सगळ्यांनी मिळून भांडं हातांवर तोललं, फिरवलं. आणि अध्यक्षाने माइक घेतला. इंग्लिशमध्ये, बहुधा माझ्यासाठी आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासाठी, तो म्हणाला, "आजचे हे गहू हुतात्म्याच्या आईने स्वतःच्या हातांनी शिजवले आहेत, आपल्या वीरपुत्रासाठी. या, सगळ्यांनी घ्या."

लोकांनी रांग लावली. दोन ग्लासांत चमचे असतात. एका ग्लासातला चमचा उचलायचा, छातीवर क्रॉस करायचा, 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं, चमचाभर गहू खायचे आणि उष्टा चमचा दुसऱ्या ग्लासातल्या पाण्यात टाकायचा. पाणी लगेच गढूळ होतं, त्यात साखर आणि गव्हाचं टरफल आणि लोकांची थुंकी. मी आजवर ते कसंबसं सहन केलं होतं. त्या दिवशी बघवेना. काळ्या टी-शर्टवाले एकेक करून येत होते, चमचा भरत होते, मावशींसमोर मान झुकवून त्या पोराचं नाव घेत होते आणि चावत होते. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातात म्हणे लोक. इथे पोर मेलंय की नाही हेच ठरलेलं नव्हतं आणि लोणी वाटूनही झालं होतं.

मी ते गहू खात नाही. मावशींना पहिल्याच वर्षी मी सांगून टाकलं होतं. आमच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध नाही, पिंडदान नाही, आणि माझ्या वडिलांनी त्यावर घरचा नियम केला होता की मेलेल्यांच्या नावाने शिजवलेलं कुठेच खायचं नाही. पितृपक्षात शेजारच्या काकूंनी मला दिलेली खीर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली होती, आणि वाटी धुऊन परत नेऊन दिली होती. इंग्लंडात येऊन माझं बरंच काही सुटलं. हे सुटलं नाही. मावशींनी तेव्हा माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मेलेले रागावणार नाहीत. ते तुला ओळखतच नाहीत."

रांगेत अध्यक्षाची पाळी आली. त्याने भरगच्च चमचा घेतला. मावशी खुर्चीवरून उठल्या. टेबलापाशी गेल्या आणि त्याच्या तोंडात चमचा असतानाच भांडं दोन्ही हातांनी उचललं. "मदर?" तो म्हणाला, तोंडातून गहू उडाले. मावशींनी भांडं छातीशी धरलं, वरून हाताच्या पंजाने झाकलं, आणि दाराकडे चालू लागल्या. कुणी आडवं आलं नाही. हुतात्म्याच्या आईला कोण अडवणार? बाहेर स्पीकरवर गाणं चालूच होतं.

गाडीत मीच बडबडले. कमिटीला लिहून कळवू, पाद्रीला भेटू, फोटो परत मागू, अमुक करू. मला माझाच आवाज त्या अध्यक्षासारखा वाटायला लागला तेव्हा गप्प बसले. डोक्यावरून विमानं उतरत होती.

त्यांच्या घरी गेल्यावर मावशींनी भांडं टेबलावर ठेवलं. निम्म्याहून जास्त गहू उरले होते. क्रॉस मोडलेला, वाइनने एका बाजूला लाल झालेले, चमच्यांनी उकरलेले. फळीवरून मुलगा आणि पिल्लू बघत होते. मावशी बसल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"हे नवऱ्याचे होते," त्या म्हणाल्या. "आता यावर पोराचं नाव पडलं. सगळ्यांनी ऐकलं, सगळ्यांनी खाल्लं."

"टाकून देऊ," मी म्हटलं.

"टाकत नाहीत. हे कधी टाकत नाहीत."

"पाखरांना घालू."

"पाखरांनी खाल्ले तरी मेलेल्याचेच." त्यांनी ड्रॉवर उघडला, चमचा काढला, फडक्याने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. "तू मेलेल्यांचं खात नाहीस."

"नाही."

"कधीच नाही."

"नाही, मावशी."

"मग तू खा," त्या म्हणाल्या. "तू खाल्लेस म्हणजे हे मेलेल्याचे नाहीत. नुसते गहू. गोड."

तो 'गोड' त्यांनी मराठीत म्हटला.

मी भांड्याकडे बघितलं. त्या लोकांचे चमचे त्यात बुडाले होते. अध्यक्षाच्या तोंडातून उडालेले कण कडेला चिकटलेले मला दिसत होते. मला वडील आठवले, त्यांचा नियम आठवला, आणि हेही मला पक्कं ठाऊक होतं की तो मुलगा हंगेरीच्या कुठल्यातरी रस्त्यावर किंवा नदीत केव्हाच संपला असणार. म्हणजे हे गहू मेलेल्याचेच होते. मला ते ठाऊक होतं. त्यांना मात्र मला ते खाताना बघायचं होतं.

"आणि नवऱ्याचे?" मी विचारलं. वेळ काढत होते.

"त्याला या वर्षी उपाशी राहू दे," मावशी म्हणाल्या.

मी चमचा उचलला. पहिला घास कोरडा, भुसभुशीत, घशाला चिकटणारा. साखरेने दात शिवशिवले. त्यामागून वाइनचा आंबूस वास. मावशी समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, लहानपणी माझ्या मुलीला भरवताना बघायच्या तशा. मी थांबले की त्याही श्वास थांबवायच्या. पाणी दिलं त्यांनी मला, मधे एकदा. मी खात राहिले. ओला लाल भाग आला तेव्हा डोळे मिटले. सगळे संपायला किती वेळ लागला मला माहीत नाही. शेवटी त्यांनीच चमचा घेऊन भांड्याच्या कडा खरवडल्या, तो एक घास जमवला आणि माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं.

मग त्या उठल्या, आणि मी 'येते' म्हणून आले.

माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि कालच्या त्या शिजलेल्या गव्हांचा वास नाकात शिरला. सगळं एकदम वर आलं. मी सिंकपाशी धावले, वाकले. तोंड भरलं होतं. भिंतीपलीकडे मावशींचा नळ सुरू झाला, त्या भांडं घासत होत्या, आणि घासता घासता काहीतरी गुणगुणत होत्या, ज्या दिवशी गाणं नसतं त्या दिवशी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि गिळलं. परत आलं. परत गिळलं.